माधवराव सप्रे : मताधिकार मिळण्यापूर्वी नागरिक घडविणारा संपादक

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील बुढापारा या जुन्या वस्तीत माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी मातृभाषा असलेल्या सप्रे यांनी आपले बहुतेक सर्व लेखन हिंदीत केले. त्यामुळे हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान लाभले. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्य' या ग्रंथाचे हिंदी अनुवादक एवढ्यापुरतेच अनेकांना ठाऊक असते. मतदानाचे वय किती असावे आणि शाळेत नागरिकशास्त्र कसे शिकवावे, हे प्रश्न आज पुन्हा जगभर चर्चेत आहेत. या पार्श्वभूमीवर, सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता त्या काळात त्याला नागरिक म्हणून घडविण्यासाठी झटलेल्या या संपादकाच्या जीवनाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

जन्म आणि शिक्षण

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी, आज मध्य प्रदेशात असलेल्या दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत व आईचे लक्ष्मीबाई. घरची परिस्थिती बेताची होती. थोरले बंधू बाबूराव बिलासपूरला राहत असल्याने सप्रे कुटुंब तेथे आले आणि माधवरावांचे प्राथमिक शिक्षण बिलासपुरातच झाले.

छत्तीसगडमध्ये मराठी कुटुंबे असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली, तेव्हा रायपूर व बिलासपूर हे भाग नागपूर ही राजधानी असलेल्या या प्रांतात आले. कारभार, वकिली, शिक्षण यांनिमित्त आलेली अनेक मराठी घराणी रायपुरात स्थायिक झाली. घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा छत्तीसगढी, असा त्यांचा व्यवहार होता.

पुढील शिक्षणासाठी माधवराव रायपूरच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तेथे नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदी साहित्याची गोडी लागली. शालेय शिक्षणानंतर त्यांनी पेंड्रा भागात सरकारी बांधकामाची कंत्राटे घेऊन पाहिली. परंतु त्या व्यवसायात तोटा आला. नंतर ग्वाल्हेर येथे शिक्षण पुन्हा सुरू करून १८९८ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. त्या काळातील पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळत असे. माधवरावांनी मात्र ती न स्वीकारण्याचा निश्चय केला आणि पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. त्या पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम पुढे मासिकासाठी उपयोगी पडली.

'छत्तीसगढ मित्र'

जानेवारी १९०० मध्ये सप्रे यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. पेंड्रा हे गाव आज गौरेला-पेंड्रा-मरवाही या जिल्ह्यात आहे. रामराव चिंचोलकर हे सप्रे यांचे सहसंपादक होते, तर रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी प्रकाशनाची जबाबदारी घेतली. तिघेही मराठी भाषक आणि मासिक हिंदी, ही बाब लक्षणीय आहे. ज्या लोकांमध्ये काम करावयाचे त्यांच्याच भाषेत लिहावे, अशी या तिघांची भूमिका होती.

त्या वेळी देशात साक्षरतेचे प्रमाण शंभरात जेमतेम पाच-सहा होते आणि छत्तीसगड हा शिक्षणात मागे राहिलेला भाग मानला जात असे. अशा ठिकाणी मासिक चालविणे आर्थिकदृष्ट्या आतबट्ट्याचेच होते. तरीही तीन वर्षे अंक निघत राहिले. ग्रंथांची परखड समीक्षा, शिक्षणविषयक लेख, चरित्रे आणि कथा असे त्याचे स्वरूप होते. डिसेंबर १९०२ मध्ये तोट्यामुळे मासिक बंद करावे लागले.

याच मासिकात १९०१ मध्ये सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली लघुकथा कोणती, या वादात या कथेचे नाव आवर्जून घेतले जाते. एका जमीनदाराला आपला वाडा वाढवावयाचा असतो आणि त्यासाठी तो शेजारच्या गरीब विधवेची झोपडी न्यायालयाच्या आधारे ताब्यात घेतो. ती वृद्धा झोपडीतील टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. टोपली त्याला उचलत नाही. एवढीशी माती पेलत नसेल तर संपूर्ण जागेचा भार जन्मभर कसा पेलणार, हा तिचा प्रश्न त्याला वरमवतो आणि तो झोपडी परत करतो. कायदा आपल्या बाजूने असणे आणि न्याय आपल्या बाजूने असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या छोट्या कथेने वाचकांपुढे ठेवले.

नागरिकशास्त्राची परिभाषा

राज्य, कर, भांडवल, मजुरी, संप, स्वातंत्र्य या विषयांवर लिहावयाचे तर आधी शब्द हवेत. काशी नागरीप्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश तयार करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राच्या विभागाचे काम सप्रे यांनी केले. परिभाषेचे काम कंटाळवाणे खरे. पण सर्वसामान्य वाचकाला सार्वजनिक व्यवहार समजावा यासाठी ते अपरिहार्य होते.

१९०६ मध्ये त्यांनी नागपूर येथून 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला 'स्वाधीनता' हा हिंदी अनुवाद याच मालेतून वाचकांपर्यंत पोहोचला. स्वदेशी चळवळ आणि बहिष्कार या विषयावर सप्रे यांनी स्वतः पुस्तक लिहिले. परदेशी मालावर बहिष्कार टाकणे हे भावनेचे नव्हे तर अर्थशास्त्राचे प्रकरण आहे, हे त्यांना वाचकांना पटवावयाचे होते.

मिल यांच्या विचारांतच त्या काळचा एक मोठा पेच दडलेला होता. व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या या विचारवंताने ज्या समाजांना तो मागासलेले समजत असे त्यांना हे तत्त्व लागू केले नव्हते. आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला मत असू नये, असेही त्याचे प्रतिपादन होते. भारतातील राज्यकर्तेही याच स्वरूपाचा युक्तिवाद करीत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना चालना दिली तेव्हा, या संस्था म्हणजे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन होत, असे कारण देण्यात आले होते. मात्र त्या शिक्षणाचा पुढचा वर्ग कधी सुरू होणार, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता. आधी शिक्षण की आधी अधिकार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

विद्यार्थी आणि राजकारण

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने चळवळीत उतरले. त्यांना रोखण्यासाठी बंगालमध्ये त्याच वर्षी कार्लाइल परिपत्रक निघाले. १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या राजकीय सहभागावर निर्बंध घालण्याचे धोरण देशभर नेले. ज्या संस्थांमधील विद्यार्थी सभा-मिरवणुकांत जातील त्यांचे अनुदान व मान्यता धोक्यात येऊ लागली. कोवळ्या वयात राजकारण नको, ही सरकारची भूमिका होती. अनेक पालकांनाही ती मान्य होती.

नेमक्या याच वर्षी, १३ एप्रिल १९०७ रोजी, सप्रे यांनी नागपूर येथून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या 'केसरी'तील विचार हिंदी भाषक प्रदेशात पोहोचविणे हा त्याचा उद्देश होता. मध्य प्रांत, संयुक्त प्रांत व बिहार या भागांतील तरुणांना आपल्या भाषेत राष्ट्रीय राजकारणाची ओळख करून देणारे हे पत्र लवकरच सरकारच्या नजरेत आले. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली आणि जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. पाठोपाठ २२ ऑगस्ट १९०८ रोजी सप्रे यांना भारतीय दंड विधानाच्या कलम १२४ अ खाली, म्हणजे राजद्रोहाच्या आरोपावरून, अटक झाली.

माफी आणि प्रायश्चित्त

या अटकेनंतर जे घडले त्याने सप्रे यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. थोरले बंधू बाबूराव यांनी कुटुंबाची आण घालून माधवरावांना माफीनाम्यावर सही करण्यास भाग पाडले. वडीलधाऱ्या भावाने जीव देण्याची भाषा केल्यावर माधवरावांचा निर्धार ढासळला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतर त्यांच्या वाट्याला टीका आली आणि निकटचे सहकारीही दुरावले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना त्यांच्या विचारांचे पत्र चालविणारा संपादक माफी मागून घरी आला, ही गोष्ट अनेकांना सहन झाली नाही. सप्रे यांनी स्वतःचे समर्थन केले नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. मधुकरी मागून राहण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि वर्धा भागातील हनुमानगड येथे रामदासी संप्रदायातील श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात सुमारे एक वर्ष घालविले. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'ची अनेक पारायणे त्यांनी तेथे केली आणि पुढे या ग्रंथाचा हिंदी अनुवाद सिद्ध केला.

समर्थांचा हा ग्रंथ केवळ परमार्थाचा नाही. लेखन कसे करावे, समुदाय कसा जमवावा, माणसे कशी पारखावी, प्रसंगी सावध कसे असावे, यांचे विवेचन त्यात आहे. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी लोकव्यवहाराचे धडे 'दासबोधा'तूनच घेतले. हे धन हिंदीत नेऊन सप्रे यांनी एका भाषेतील लोकशिक्षणाची परंपरा दुसऱ्या भाषेला उपलब्ध करून दिली. त्यानंतर 'गीतारहस्य' आणि चिंतामणराव वैद्य यांचा महाभारतविषयक मराठी ग्रंथ यांचे अनुवादही त्यांनी केले. टिळकांनी आपल्या या ग्रंथाचे काम ज्याने माफी मागितली होती त्याच सप्रे यांच्याकडे सोपविले, यातून त्यांच्याविषयीचा विश्वास पुरता ओसरला नव्हता हे दिसते.

शाळा हेच कार्यक्षेत्र

रायपुरात परतल्यावर सप्रे यांनी रामदासी मठ स्थापन केला आणि मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू केली. स्त्रियांना मताचा अधिकार देण्याची चर्चाही देशात नीट सुरू झाली नव्हती असा तो काळ होता. १९१९ च्या कायद्यानेही स्त्रियांना थेट मताधिकार दिला नाही. तो निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविण्यात आला आणि १९२१ मध्ये मद्रास व मुंबई प्रांतांनी त्या दिशेने पहिले पाऊल उचलले. रायपूरसारख्या शहरात त्याच्या कितीतरी आधी मुलींची शाळा काढणे, हे दूरदृष्टीचे काम होते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांसाठी मतदारांची संख्या वाढली. तथापि मालमत्ता, शेतसारा, प्राप्तिकर अशा अटींमुळे बहुसंख्य जनता मतदार यादीबाहेरच राहिली. वयाची किमान मर्यादा २१ वर्षे होती, पण खरा अडसर वयाचा नव्हता, मिळकतीचा होता. नोव्हेंबर १९२० मध्ये या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार टाकला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात असहकाराचा कार्यक्रम संमत झाला. सरकारी शाळांचा त्याग हा त्या कार्यक्रमाचा भाग होता.

त्याग केलेल्या विद्यार्थ्यांनी जावे कोठे, हा प्रश्न गावोगावी उभा राहिला. रायपुरात वामनराव लाखे, सप्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले. स्वभाषेतून शिक्षण आणि देशस्थितीचे ज्ञान यांवर अशा विद्यालयांचा भर असे. ज्या वयाच्या मुलांनी राजकारणाचा वाराही लागू देऊ नये असे रिस्ले परिपत्रक सांगत होते, त्याच वयाच्या मुलांना देशाचा कारभार कसा चालतो हे या वर्गांत शिकविले जाऊ लागले. असहकाराचा भर ओसरल्यावर देशातील अशा अनेक शाळा मंदावल्या. पैशाची चणचण आणि सरकारमान्य प्रमाणपत्राचा अभाव ही त्याची प्रमुख कारणे होती.

पत्रकारितेशी सप्रे यांचा संबंध तुटला नव्हता. १९२० च्या जानेवारीत जबलपूर येथून 'कर्मवीर' हे साप्ताहिक सुरू झाले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. संपादकपद त्यांनी स्वतःकडे न घेता माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीकडे सोपविले. पुढे चतुर्वेदी यांना तुरुंगवास घडला आणि हिंदी पत्रकारितेत 'कर्मवीर' हे नाव अजरामर झाले. स्वतः मागे राहून तरुणांच्या हाती सूत्रे देण्याची सप्रे यांची ही रीत अखेरपर्यंत कायम राहिली. १९२४ मध्ये देहरादून येथील अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी मातृभाषा असलेल्या लेखकाचा हा मोठाच सन्मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

एकवीसवरून अठरा

सप्रे यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, नेहरू अहवालाने २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मताधिकार असावा अशी शिफारस केली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद ३२६ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण शंभरात अठराच्या आसपास असतानाही घटनेने शिक्षणाची अट घातली नाही. आधी शिक्षण, मग अधिकार हा जुना युक्तिवाद त्या दिवशी निकालात निघाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद झाली आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी निवडणूक चिन्हांची योजना करण्यात आली.

वयाची मर्यादा मात्र आणखी जवळजवळ चार दशके २१ वरच राहिली. ब्रिटनने १९६९ मध्ये आणि अमेरिकेने १९७१ मध्ये ती १८ वर आणली. भारतात डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत १८ ते २० वर्षे वयोगटातील तरुणांनी प्रथमच मतदान केले. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो आणि नवमतदारांना त्या दिवशी ओळखपत्रे दिली जातात. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ही मर्यादा १६ वर आणली, तर ब्रिटनच्या सरकारने २०२५ मध्ये तसाच मनोदय जाहीर केला.

वय १८ झाल्यामुळे एक व्यावहारिक फरक पडला. शाळेची शेवटची परीक्षा आणि पहिले मतदान यांमधील अंतर जवळपास उरले नाही. पूर्वी शाळा सुटल्यावर मतदार होईपर्यंत तीन-चार वर्षे जात. आता बारावीच्या वर्गातील काही विद्यार्थी मतदार यादीत असतात. म्हणजेच मतदार म्हणून जी तयारी व्हावयाची ती शाळेतच होणे आवश्यक ठरले. परंतु महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना नागरिकशास्त्र आठवते ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेला, थोड्या गुणांचा विषय म्हणूनच. राष्ट्रपतींचे अधिकार आणि राज्यसभेची सदस्यसंख्या पाठ केली की काम भागत असे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सहावी ते आठवीच्या पुस्तकांमध्ये हे जुने नाव बाजूला सारून सामाजिक आणि राजकीय जीवन अशा व्यापक नावाने हा विषय मांडला होता. विषमता, प्रसारमाध्यमे, बाजार, स्थानिक कारभार यांची ओळख दैनंदिन उदाहरणांतून करून देण्याचा तो प्रयत्न होता.

सप्रे यांनी शंभर वर्षांपूर्वी निवडलेले विषय याहून फारसे वेगळे नव्हते. जमीनदार आणि विधवा यांच्यातील तंटा, स्वदेशी मालाचा हिशेब, मजुरांचा संप, व्यक्तीचे स्वातंत्र्य हेच त्यांच्या नियतकालिकांचे आणि ग्रंथमालेचे पाठ होते. त्यांच्या वाचकांपैकी बहुतेकांना मत नव्हते आणि ते केव्हा मिळेल याची खात्रीही नव्हती.

भोपाळ येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या वृत्तपत्र संग्रहालयाला माधवराव सप्रे यांचे नाव देण्यात आले असून जुन्या नियतकालिकांचा मोठा संग्रह तेथे अभ्यासकांसाठी खुला आहे. २००० मध्ये छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. ज्या प्रदेशात एक मासिक तीन वर्षांत तोट्याने बंद पडले होते, तेथील तरुण आज वयाची १८ वर्षे पूर्ण होताच, मिळकत किंवा शिक्षण यांची कोणतीही अट न पाळता, मतदार होतात. मतदान केंद्रापर्यंतचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा झाला आहे. त्या रस्त्यावर निघण्यापूर्वी त्यांच्या हाती काय वाचावयास द्यावे, याचा विचार सप्रे यांनी पेंड्र्याच्या शिक्षकी पगारातून पैसे बाजूला टाकताना सुरू केला होता. तो आजच्या शाळांना पुढे न्यावयाचा आहे.